‘लेकरू ठेवायचं होतं…’ : घरगुती पाळणाघर नव्यानं सुरू करणाऱ्यांसाठी

फोन नेमका दुपारी बारा ते दोनच्या मधेच येतो. एक लेकरू मांडीवर, दुसऱ्याच्या तोंडात वरणभाताचा घास, तिसरं मोरीकडं पळतंय. पलीकडून आवाज, “पाळणाघर तुमचंच का? लेकरू ठेवायचं होतं. महिन्याचे किती घेता?” नवीन होते तेव्हा मी खांद्यानं मोबाइल कानाशी दाबून घाईघाईत आकडा सांगून टाकायची, वर “हो हो, सगळं करतो आम्ही” असंही म्हणायची. लातुरात औसा रोडच्या आतल्या गल्लीत माझं पाळणाघर आता अकरा वर्षांचं झालं. एवढ्या काळात पालकांशी जेवढे खटके उडाले, त्यांतले थोडेच लेकराच्या पडण्या-रडण्यावरून होते. बाकीचे सगळे त्या पहिल्या “हो हो”मधून आले.

गल्लीतल्या, नात्यातल्या मुली येऊन विचारतात, “काकू, घरात जागा आहे, लेकरांची हौस आहे, पण चौकशीला येणाऱ्यांशी बोलायचं कसं?” त्यांना जे तोंडी सांगते तेच इथं लिहितेय.

फोन यायच्या आधी

लोकांना उत्तरं द्यायची तर ती आधी आपल्याकडं असायला हवीत. एक कोरा कागद घ्या आणि चार गोष्टी लिहून फ्रिजवर चिकटवा: किती लेकरं घेणार, किती वयाची, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, आणि कोणत्या दिवशी बंद.

संख्येचं माझं गणित साधं आहे. गॅसचा वास आला किंवा बोर्डातून धूर निघाला, तर घरातल्या मोठ्या माणसांना एका खेपेत जेवढी लेकरं बाहेर काढता येतील तेवढीच घ्यायची. मी आणि मदतीला येणाऱ्या मावशी, अशा आम्ही दोघी. म्हणून आमच्याकडं एकूण आठ, त्यांतली पायानं न चालणारी जास्तीत जास्त तीन. नववं लेकरू कितीही गोड असो, त्याची आई कितीही ओळखीची असो. ही मर्यादा मी दोनदा मोडली, आणि दोन्ही वेळा त्याच आठवड्यात मावशी आजारी पडल्या.

बंदचे दिवस लिहायला कंटाळू नका. रविवार, दिवाळीचे चार दिवस, महालक्ष्म्यांचे तीन दिवस, आणि येळवस. आपल्याकडच्या माणसाला येळवस सांगावी लागत नाही. मार्गशीर्षातल्या अमावास्येला लातूर-धाराशिवकडचं कुणी घरी सापडत नाही, सगळे शेतात भज्जी आणि आंबील खायला. पण पुण्याहून किंवा नागपूरहून बदली होऊन आलेल्या बँकेतल्या बाईंना हे ठाऊक नसतं. त्यांची बँक त्या दिवशी चालू. आदल्या संध्याकाळी “उद्या बंद” ऐकल्यावर त्यांचा चेहरा कसा झाला होता, तो मला आजही आठवतो. तेव्हापासून वर्षाच्या सुट्ट्यांचा कागद मी चौकशीच्या वेळीच हातात देते.

पहिला फोन

हातात लेकरू असताना फोन घेऊच नका. एक मेसेज तयार करून ठेवा आणि तो पाठवा: “नमस्कार. आत्ता लेकरांच्या जेवणाची वेळ आहे. मी सव्वातीन ते चारच्या मधे फोन करते. तोवर लेकराचं वय आणि किती ते किती वाजेपर्यंत ठेवायचंय, एवढं लिहून ठेवा.” एकदा असं कळवलं की त्या वेळात फोन करायचाच. सव्वाचार झाले की तिकडं आईच्या मनात पाल चुकचुकते, की फोनचं हे असं, तर लेकराचं कसं?

जवळ एक शंभरपानी वही ठेवा. तारीख, आईचं नाव, नंबर, आणि पाच प्रश्नांची उत्तरं. मी ते याच क्रमानं विचारते. लेकरू किती महिन्यांचं? किती ते किती ठेवायचं? तुम्ही कामाला कुठं, आणि जाता-येता कशा? कधीपासून ठेवायचंय? आत्तापर्यंत कोण सांभाळत होतं?

यातला तिसरा प्रश्न मी फार उशिरा शिकले. एका वर्षी जानेवारीत जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एका शिक्षिकेचं लेकरू घेतलं. औशाच्या पुढं कुठंतरी शाळा, रोजचं अप-डाऊन. त्यांनी वेळ सांगितली साडेनऊ ते साडेपाच, मी वहीत तेवढंच लिहिलं आणि खूश झाले. मार्चमधे उन्हं वाढली, शाळा सकाळची झाली. एक दिवस सकाळी सव्वासहाला दाराची कडी वाजली. मी केस विंचरत होते. दारात मॅडम, खांद्यावर गाढ झोपलेलं लेकरू, खाली रिक्षा चालूच. “ताई, आता दीड-दोन महिने असंच हं, मेपर्यंत.” त्यांचं काही चुकलं नव्हतं. सकाळची शाळा दर उन्हाळ्यात होते हे लातुरात शेंबड्या पोराला ठाऊक आहे, फक्त मीच विचारलं नव्हतं. मला सहाला दार उघडणं जमण्यासारखं नव्हतं, त्यांना दुसरीकडं कुठं ठेवणं शक्य नव्हतं. ते दोन महिने आम्ही दोघींनी एकमेकींशी तोंड वाकडं करून काढले.

आता शिक्षिकेचा फोन आला की मी पहिल्यांदा विचारते, “सकाळची शाळा झाली की किती वाजता आणाल?” आणि शनिवारचंही विचारते. नर्सबाईंना विचारते की ड्युटी दर आठवड्याला बदलते का, दुपारची ड्युटी आली तर रात्री आठनंतर लेकराला न्यायला कोण येणार? एमआयडीसीतल्यांना शिफ्ट विचारते. अलीकडं चौकशीचा एक नवाच प्रकार दिसतो: मोठ्या पोराला ‘नीट’च्या क्लासला घेऊन अहमदपूर, उदगीरकडून इथं खोली करून राहिलेल्या आया. त्यांच्या पदरात एखादं दोन वर्षांचंही असतं, आणि त्या तीन-चार तास डबे करतात. त्यांना पूर्ण दिवस नको असतो. तुम्हाला अर्धा दिवस परवडतो का, हे आधीच ठरवून ठेवा. मला परवडत नाही, कारण अर्ध्या दिवसाचं लेकरूही एक जागा पूर्ण अडवतंच.

चौथ्या प्रश्नात एक खोच आहे. २०१७ मधे कायदा बदलला आणि पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा आली. राज्य सरकारी नोकरीत १८० दिवस. म्हणजे लेकरू चार-पाच महिन्यांचं झालं की आईचा फोन येतो, आणि सहाव्या महिन्यात ती कामावर. नेमका तोच काळ बाळाला वरचं खाणं सुरू करायचा. खाणं नवं, घर नवं, माणूस नवं, सगळं एकाच आठवड्यात. म्हणून मी फोनवरच सांगते, हजर व्हायच्या तारखेच्या पंधरा दिवस आधी यायला सुरुवात करा. जिथं ५० किंवा जास्त माणसं कामाला आहेत तिथं पाळणाघराची सोय करणं कायद्यानं मालकाला बंधनकारक केलंय. ज्या बायका मोठ्या कंपनीत आहेत त्यांना मी म्हणते, आधी ऑफिसात विचारून बघा. गिऱ्हाईक कशाला परत पाठवता, असं आमचे हे म्हणतात. पण अशी परत पाठवलेली बाई पुढं चार जणींना माझा नंबर देते.

पाचव्या प्रश्नाला उत्तर येतं त्यात शब्दांपेक्षा आवाज ऐकायचा. “सासूबाई गावाकडं गेल्या” हे सरळ आहे. “आधीच्या ठिकाणी जमलं नाही” म्हणाल्या तर काय जमलं नाही ते शांतपणे विचारा. कधी तिथलं खरंच काही चुकलेलं असतं, कधी तीन महिन्यांची फी थकलेली असते.

आता पैसे. काही जणी सांगतात, दर फोनवर सांगू नका, आधी घरी बोलवा. मला ते पटत नाही. ज्याला परवडणारच नाही त्याला रिक्षाभाडं घालून कशाला आणायचं? पाच प्रश्न झाले की मी सरळ सांगते: एवढी फी, त्यात दोन वेळचं ताजं खाणं, दूध आणि डायपर तुमचं, न्यायची शेवटची वेळ साडेसहा. आकडा सांगताना “तसे घेतो… पण बघू… तुम्ही काय म्हणता” असलं काही जोडू नका. भाजीबाजारात चालतं ते. इथं पलीकडची आई लगेच विचार करते, की फी वाकते तर बाकीचं काय काय वाकत असेल.

घर बघायला येतील तेव्हा

वेळ ठरवून बोलवा आणि आई-बाप दोघं या म्हणा. ज्या घरी सासू किंवा आई लेकरू सांभाळत होत्या, त्यांनाही घेऊन या असं आपणहून सांगा. निर्णय पुष्कळदा त्यांचाच असतो. फोनवर ज्या सूनबाई भराभर बोलतात त्या घरी आल्यावर गप्प बसतात, आणि आजी सगळ्या खोल्यांतून नजर फिरवतात. आजींना पाणी द्या, चहा द्या, आणि विचारा, “लेकराला तुम्ही कसं झोपवता?” या एका प्रश्नावर मला जेवढी माहिती मिळाली तेवढी कुठल्याही फॉर्मात मिळाली नाही. पाळण्यात की झोळीत, कुठल्या कुशीवर, कुठली ओवी, अंगावर कुठली ओढणी. जाताना आजीच म्हणतात, “बाई समजदार हाय.”

एकटा पुरुष अचानक “मुलासाठी बघायला आलोय” म्हणून दारात उभा राहिला तर त्याला नंबर द्या, वेळ ठरवा, पण लेकरं असताना आत घेऊ नका. तो खरा बाप असेल तर त्याला याचं वाईट वाटणार नाही. उलट पुढं आपलंही लेकरू आत असेल, एवढं त्याला कळतं.

बोलावायची वेळ कोणती? बहुतेक जणी दुपारची बोलावतात, लेकरं झोपलेली असतात, घर शांत आणि आवरलेलं. मी सकाळी अकराला बोलावते. तेव्हा एक रडत असतं, दोघांत बाहुलीवरून झोंबाझोंबी चालू असते, मावशी कुणाचंतरी नाक पुसत असतात. आई-बापाला खरं पाळणाघर दिसतं. ते बघून जे परत गेले ते पुढं महिन्याभरात गेलेच असते.

दाखवायला मी मोरीपासून सुरुवात करते. बादली रिकामी आणि उपडी, टबात पाणी नाही, मोरीच्या दाराला बाहेरून वरच्या बाजूला कडी. रांगतं लेकरू पाण्यानं अर्ध्या भरलेल्या बादलीतही बुडू शकतं, म्हणून आपल्याकडं पाणी साठवून ठेवायची जी सवय आहे ती इथं दाखवून तपासून घ्यायची. २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेलं लातूर आहे हे. इथं घराघरात टाक्या, पिंपं, घागरी असणारच. माझी सगळी पिंपं गच्चीवर, झाकणाला कुलूप. बाहेरगावचे पालक “पाण्याचं काय?” हमखास विचारतात. त्यांना मी टाकी कधी धुतली ती तारीख दाखवते, आणि उकळून गार केलेल्या पाण्याचं पातेलं.

मग स्वयंपाकघर, सिलिंडरचा रेग्युलेटर, जिन्याची जाळी, खिडक्या, झोपायची खोली. बाळाला उताणं झोपवतो, तोंडाजवळ उशी-गोधडी ठेवत नाही, हे बोलून दाखवा. मे महिन्यात इथं पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा लाइट गेली तर काय, हे त्यांनी विचारायच्या आधी इन्व्हर्टर दाखवा. नसेल तर नाही म्हणा, आणि ओल्या पडद्याची, खालच्या मजल्यावरच्या खोलीची जी काही सोय आहे ती सांगा.

घर बघताना कुणी मोबाइल काढून फोटो घ्यायला लागलं तर तिथंच थांबवा. रिकाम्या खोलीचे घ्या, लेकरांचे नाही. आपणही जाहिरातीसाठी दुसऱ्यांची लेकरं फोटोत टाकू नयेत. माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर लाकडी घोडा आणि छोट्या ताटल्यांची रांग आहे, एवढ्यावर भागतं.

विचारतात एक, मनात असतं दुसरं

“कॅमेरा आहे का?” २०१६च्या नोव्हेंबरात नवी मुंबईत खारघरच्या एका पाळणाघरात लहान मुलीला मारहाण करतानाचं सीसीटीव्हीतलं चित्रण सगळ्या वाहिन्यांनी दाखवलं. तेव्हापासून हा प्रश्न चुकत नाही. विचारणाऱ्याचा राग मानू नका. त्यामागचा प्रश्न आहे, “मी नसताना तुम्ही मारणार तर नाही ना?” म्हणून उत्तर त्याचं द्या. माझ्याकडं बाहेरच्या खोलीत कॅमेरा आहे, पण पालकांच्या मोबाइलवर मी तो जोडून देत नाही, कारण त्यात बाकीच्यांचीही लेकरं दिसतात. त्याऐवजी मी सांगते, प्रवेश झालेल्या आई-बापानं दिवसा कधीही न कळवता यावं. दार उघडेन. फक्त एक ते तीनमधे बेल दाबू नका, हळू कडी वाजवा.

“रडलं तर काय करता?” हा प्रश्न बहुतेक वेळा आई विचारते, आणि विचारताना तिचेच डोळे भरतात. इथं “आमच्याकडं कुणी रडतच नाही” असं म्हणू नका. पहिला आठवडा रडतं, घेऊन फिरवतो, खिडकीतून गल्लीतली गाय दाखवतो, अर्ध्या तासात नाही थांबलं तर तुम्हाला फोन करतो. असं सांगितलं की तिचा जीव भांड्यात पडतो. निदान अर्धा तरी.

“स्वयंपाक कोण करतं?” हा साधाही असतो आणि नसतोही. अंडी खाता का, कांदा-लसूण चालतं का, इथपर्यंत ठीक, खाण्यापिण्याचं विचारायलाच पाहिजे. पण कधी कधी प्रश्न मावशींच्या आडनावाकडं सरकतो. “मावशी कुठल्या? म्हणजे… कोणातल्या?” मी त्यावर एकच वाक्य बोलते: “इथं सगळी लेकरं मावशींच्या हातचंच खातात, आणि एका पंगतीत खातात.” पुढं काही बोलत नाही. असे दोन-तीन जण परत गेले. त्यांच्या फीसाठी मी मावशींचं आडनाव सांगत बसले असते तर दुसऱ्या दिवशी मावशींच्या तोंडाकडं बघायची मला लाज वाटली असती.

“घुटी द्याल का?” आजींचा प्रश्न. घरी काय द्यायचं ते घरच्यांनी ठरवावं, पण पाळणाघरात मी घुटी, ग्राइप वॉटर, मध, यांतलं काहीच देत नाही. मध तर एक वर्षाच्या आत अजिबात नाही, त्यातून बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. औषध द्यायचं तर डॉक्टरांची चिठ्ठी, बाटलीवर नाव, किती आणि किती वाजता हे आईच्या हातानं लिहिलेलं. आजी नाराज झाल्या तर हसून म्हणायचं, “आजी, तुमच्या हाताची सर माझ्या हाताला नाही, घरीच द्या.” खोटं नाही हे.

गळ्यातला ताईत, काळा दोरा आणि अंगड्याला लावलेली सेफ्टीपिन यांवरही बोलून घ्या. श्रद्धेला हात लावायचा नाही. पण गळ्यातला दोरा झोपेत आवळू शकतो, सुटलेला मणी घशात जाऊ शकतो. मी म्हणते, दोरा कंबरेला बांधा, इथं असेपर्यंत गळा मोकळा. बहुतेक जण ऐकतात.

“दूध काढून दिलं तर चालेल का?” नोकरीवाल्या आया आता हे विचारतात, आणि नव्या पाळणाघरवाल्या इथं गोंधळतात. चालतं. काढलेलं आईचं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास टिकतं, पण आपल्याकडं उन्हाळ्यात खोली तेवढी गार कुठून असणार? म्हणून आईनं ते बर्फाच्या पिशवीत आणायचं आणि आपण आल्याआल्या फ्रिजच्या आतल्या बाजूला ठेवायचं, दारात नाही. तिथं चार दिवस चालतं, तरी मी रोजचं रोज संपवते. द्यायच्या वेळी वाटी कोमट पाण्यात ठेवून गरम करायचं, गॅसवर उकळायचं नाही. बाळानं तोंड लावून उरलेलं दोन तासांत टाकून द्यायचं. हे तुम्हाला पाठ आहे असं दिसलं की आईला दुसरं काही विचारावंसं वाटत नाही.

आपणही विचारायचं

चौकशी म्हटलं की पालक विचारणार आणि आपण उत्तरं देणार, असं नव्यांना वाटतं. घर बघून झालं की मी वही उघडते आणि म्हणते, आता माझी पाळी.

लसीकरणाचं कार्ड दाखवा. नऊ महिन्यांची गोवर-रुबेलाची लस झाली का, दीड वर्षाचा बूस्टर कधी आहे? बूस्टरनंतर ताप येतो, त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी घरी ठेवायचं, हे तेव्हाच बोलून घ्या. तापात कधी झटके आले होते का? ही गोष्ट पालक आपणहून सांगत नाहीत, कारण ती आजार म्हणून लक्षातच नसते किंवा प्रवेश मिळणार नाही अशी भीती असते. “असेल तरी घेईन, फक्त मला माहीत पाहिजे” असं म्हणा, मग सांगतात. कशाची अ‍ॅलर्जी? शेंगदाण्याचं जरूर विचारा, आपल्या स्वयंपाकात कूट कुठं नसतं! अख्खे शेंगदाणे, फुटाणे, द्राक्षं मी लहानांना देतच नाही.

आणि लेकराला न्यायला कोण कोण येणार? नावं, नंबर, फोटो. या यादीत नसलेला माणूस सख्खा काका असला तरी आईचा फोन आल्याशिवाय लेकरू देत नाही, हे पहिल्याच भेटीत सांगते. आई-बाप वेगळे राहत असतील तर हा प्रश्न अवघड होतो. तो घरगुती विषय म्हणून टाळू नका. कोर्टाचा काही आदेश असेल तर त्याची प्रत मागा. दारात भांडण झालं तर तुमच्यासमोर सात लेकरं घाबरून उभी असतात.

पैशाचं लिहून द्या

एका पानावर, मराठीत, दोघांच्या सह्या. महिन्याच्या पाच तारखेच्या आत फी. साडेसहानंतर दर अर्ध्या तासाला ५० रुपये. ही रक्कम मोठी नाही, पण ती लावल्यापासून गाड्या वेळेवर यायला लागल्या. एक महिन्याची फी अनामत, सोडायच्या महिनाभर आधी सांगायचं. लेकरू आजारी असलं तरी त्या दिवसांची फी कापायची नाही.

आणि मे महिना! शिक्षिकांना सुट्टी, त्या लेकराला घरी ठेवतात, आणि जूनमधे शाळा उघडली की तीच जागा हवी असते. पहिल्या वर्षी मी मेची फी मागितली तर एक बाई म्हणाल्या, “लेकरू तुमच्याकडं नव्हतंच तर पैसे कशाचे?” मला उत्तर सुचलं नाही. आता चौकशीलाच सांगते: जागा राखायची तर मेची अर्धी फी, नाहीतर जूनमधे जागा असेल तर असेल. जानेवारीत ऐकलेलं मे महिन्यात कुणाला टोचत नाही.

घासाघीस होणारच. “दोन लेकरं आहेत, काहीतरी कमी करा.” सख्ख्या दोन भावंडांना मी थोडं कमी करते, बाकी कुणाला नाही, कारण पालक गेटवर एकमेकांना फी विचारतात.

नाही म्हणायची वेळ

जागा नसेल तर “बघू, काहीतरी करू” म्हणू नका. आईची रजा संपत आलेली असते, ती तुमच्या “बघू”वर विसंबून दुसरीकडं जात नाही. सरळ सांगा, नाही, आणि माहितीतलं दुसरं पाळणाघर सुचवा. तीन वर्षांच्या पुढच्या लेकराला काही तासांसाठीच सोय हवी असेल आणि पैशाची ओढाताण असेल तर जवळच्या अंगणवाडीचंही सांगा.

ज्या लेकराला जास्त लक्ष लागतं, चालता येत नाही, बोलणं उशिरा आलंय, त्याच्या आईला बहुतेक ठिकाणी खोटं कारण सांगून परत पाठवलेलं असतं. तिच्याशी खरं बोला. मी एकदा असं लेकरू घेतलं, तेव्हा दुसरी दोन कमी घेतली. एकदा नाही घेऊ शकले, तेव्हा म्हटलं, “आम्ही दोघीच आहोत, त्याला एक माणूस पूर्ण लागेल, आणि ते माझ्याकडं नाही.” त्या बाई म्हणाल्या, “निदान तुम्ही खरं कारण तरी सांगितलंत.”

आणि काही पालकांनाही नाही म्हणावं लागतं. जे पहिल्याच भेटीत आधीच्या बाईला शिव्या घालतात, मावशींना एकेरीत बोलतात, किंवा लेकराला आपल्यासमोर चापट मारून “हे असंच ऐकतं, तुम्हीपण द्या एखादी” म्हणतात. शेवटच्यांना मी सांगते, इथं हात उचलत नाही, तुम्हालाही इथं उचलू देणार नाही. त्यांतले काही दुसऱ्या दिवशी फोन करून लेकरू ठेवतात, हेही खरं.

ठरल्यावर

पाठपुरावा म्हणून एकच मेसेज करा, तीन दिवसांनी: “जागा शनिवारपर्यंत तुमच्यासाठी ठेवली आहे.” त्यापुढं मागं लागू नका.

होकार आला की पहिले पाच दिवस आखून द्या. पहिल्या दिवशी एक तास, आई शेजारी बसून. दुसऱ्या दिवशी एक तास, आई स्वयंपाकघरात. तिसऱ्या दिवशी आईनं सांगून बाहेर जायचं. लपून, मागच्या दारानं नाही, कारण लेकरू मग आईची पाठ वळायला घाबरतं. चौथ्या दिवशी जेवणापर्यंत, पाचव्या दिवशी झोपेपर्यंत. घरचं एखादं पांघरूण किंवा आईची जुनी ओढणी आणायला सांगा, न धुतलेली.

आई कामावर जायला लागली की पहिले पाच दिवस अकरा वाजता तिला आपणहून फोन करा. तिनं करायची वाट बघू नका. ती ऑफिसात मोबाइल हातात घेऊन बसलेली असते आणि “सारखं कसं विचारू” म्हणून थांबलेली असते. “रडूलालंय का?” हे तिचं पहिलं वाक्य असतं. रडत असेल तर हो म्हणा, आणि कशानं थांबलं ते सांगा. जेवल्यावर रिकाम्या वाटीचा फोटो पाठवा.

जागा भरली की त्याच संध्याकाळी वही काढून वाट बघणाऱ्या बाकीच्या नावांना कळवा आणि पान दुमडून ठेवा. दिवाळीनंतर कुणाचीतरी बदली होते, एक जागा सुटते, आणि तेव्हा पहिला फोन त्या दुमडलेल्या पानावरच्या नंबरला करायचा असतो.